आजचे हेवीवेट खरंच कच्चे आहेत का?

फोंड्याहून एका ज्येष्ठ बॉक्सिंगप्रेमींनी विचारलं आहे: "अली, फ्रेझर, फोरमन यांच्या लढती आम्ही ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून रात्र रात्र पाहिल्या. आता मुलगा मोबाइलवर हेवीवेटची लढत लावून देतो, तर दोन अवाढव्य माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलेली दिसतात. हल्लीच्या हेवीवेटना पूर्वीच्यांसारखं येत नाही, की आमचंच वय झालं?"

वयाचा काही संबंध नाही. तुम्हाला दिसतंय ते बरोबर दिसतंय. मी बार्देशात मुलांना बॉक्सिंग शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं स्वतः लढलो, आणि हा प्रश्न हॉलमध्ये महिन्यातून एकदा तरी कुणीतरी काढतंच. माझं मत आधी सांगून टाकतो. एकूण कौशल्य कमी झालेलं नाही. पण अंगाला अंग लावून, आत शिरून लढायची जी कला होती ती हेवीवेट या सर्वांत जड गटातून जवळजवळ गेली आहे, आणि तुमच्या मनात घर करून बसली आहे ती नेमकी तीच.

ती कला म्हणजे काय, ते एका राउंडवरून सांगतो. 8 मार्च 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, अली विरुद्ध फ्रेझर, पंधरावा राउंड. फ्रेझर सहा फुटांनाही जरा कमी, वजन 93 किलो. अली सहा फूट तीन इंच. अलीच्या जॅबमधून, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशातून, आत शिरायचं तर फ्रेझरला डोकं सतत हलतं ठेवावं लागे. गुडघ्यात वाकून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. लोकांना वाटतं हे चुकवणं आहे. ते चुकवणं आहेच, पण प्रत्येक वेळी वाकताना वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं, आणि डाव्या पायावर वजन साठलं की डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, बंदुकीचा घोडा ओढून ठेवावा तसा तयार असतो. त्याच्या गोटातल्या एडी फच यांनी हेरलं होतं की अली उजवा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, मारताना गुडघ्यात वाकत नाही, ताठ उभा राहून नुसता हात खाली नेतो. हात खाली गेला की जबड्याची उजवी बाजू उघडी. त्या पंधराव्या राउंडमध्ये फ्रेझरचा डावा हुक तिथेच बसला आणि अली पाठीवर पडला. लगेच उठलाही, पण लढत फ्रेझरने जिंकली.

हे शिकवायला मी हॉलच्या फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन काढतो आणि दोन मुलांना त्यात उभं करतो. बाहेर पाऊल टाकायचं नाही. कपाळ समोरच्याच्या छातीला, नजर त्याच्या पोटावर, कोपर बरगड्यांना चिकटलेलं. खांद्याने किंचित ढकलायचं, चार बोटं जागा झाली की त्यातून छोटा अपरकट सोडायचा आणि पुन्हा चिकटायचं. तीन मिनिटांत मुलं घामाने निथळतात. दुरून मारण्यापेक्षा यात दम दुप्पट लागतो, आणि भीती आवरावी लागते ती वेगळीच.

आता ही माणसं गेली कुठे? याचं उत्तर बऱ्याच जुन्या रसिकांच्या लक्षात आलेलं नसतं. पूर्वी 175 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 79 किलोंच्या वर गेलात की तुम्ही हेवीवेट. रॉकी मार्सियानो 49 लढती जिंकून एकही न हरता 1956 मध्ये निवृत्त झाला. त्याचं लढतीचं वजन 85 किलोंच्या आसपास. जॅक डेम्प्सी तेवढाच. 1919 मध्ये त्याने 111 किलोंच्या जेस विलर्डला तुडवलं तेव्हा तो स्वतः 85 किलोंचा होता. मग 1979 मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने क्रूझरवेट हा नवा गट काढला. त्याची मर्यादा आधी 190 पौंड होती, पुढे 200 झाली, म्हणजे जवळपास 91 किलो. आजच्या हिशेबाने मार्सियानो आणि डेम्प्सी हेवीवेट ठरणारच नाहीत. फ्रेझर दोन किलो उतरवून क्रूझरमध्ये गेला असता, आणि मी त्याचा प्रशिक्षक असतो तर मीच त्याला तसं सांगितलं असतं. बुटका, रुंद, आत शिरणारा लढवय्या आजही जन्माला येतो. तो फक्त एक गट खाली लढतो, आणि तिथे तुमच्या मुलाने मोबाइल लावलेला नसतो. क्रूझरवेटच्या चांगल्या लढती बघा. ज्याला तुम्ही जुना हेवीवेट म्हणता तो तिथे सापडेल.

वर उरली ती उंच माणसं. टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच, क्लिच्को बंधू साडेसहा फूट किंवा त्याहून अधिक. अशांच्या लढतीत मिठी का वाढते ते एकदा अंगावर घेऊन बघावं. आमच्या हॉलमध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे, 108 किलोंचा. त्याला मी शिकवलं की समोरचा आत आला की हात त्याच्या काखेखालून घाल, छाती त्याच्या मानेवर टेकव आणि पायातला जोर काढून घे. त्याचा जोडीदार 88 किलोंचा, चपळ, हॉलमधला सगळ्यात चांगला फूटवर्क असलेला पोरगा. चौथ्या राउंडला तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, पाय भरून आले." ठोसा एकही जोराचा बसला नव्हता. नुसतं वजन पेलून त्याची मांडी संपली होती.

उच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंदी घातली त्याआधी तुम्ही धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, पाहिल्या असतील. शिंगात शिंग अडकवून दोन बैल कितीतरी वेळ उभे असतात, नवख्याला वाटतं काहीच घडत नाही. जाणकार माणूस शिंगांकडे बघायचाच नाही, तो मागच्या पायांकडे बघायचा. कुणाचा खूर मातीत रुततोय, कुणाचा घसरतोय. हेवीवेटची मिठी तशीच वाचायची असते. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्युरीने डिऑन्टे वाइल्डरला सातव्या राउंडमध्ये संपवलं ती लढत या नजरेने बघा. फ्युरी 124 किलो, वाइल्डर 105. त्या लढतीआधी फ्युरीने प्रशिक्षक बदलला होता. शुगरहिल स्टुअर्ड यांनी त्याला मागे सरकत नाचायचं सोडून पुढे जायला लावलं, आणि प्रत्येक मिठीत तो वाइल्डरच्या मानेवर भार टाकत राहिला. ज्या वाइल्डरच्या उजव्या हाताला सगळे घाबरायचे तो पाचव्या राउंडपर्यंत नीट उभाही राहू शकत नव्हता. हे कौशल्यच आहे. बघायला देखणं नाही, हे कबूल.

आणि एका गोष्टीचा मला खरंच राग येतो. धरून ठेवणं नियमाने फाउल आहे, पण मोठ्या लढतीत रेफरी नुसते सोडवत राहतात, गुण कापायला सहसा धजत नाहीत. 2013 मध्ये मॉस्कोत व्लादिमिर क्लिच्कोने पोव्हेतकिनला इतकं धरलं आणि दाबलं की ती लढत मी मुलांना उदाहरण म्हणूनही दाखवत नाही. व्लादिमिरचा जॅब मला फार आवडतो. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डनी त्याला 2004 मधल्या पराभवातून उभं करून ज्या शिस्तीने घडवलं ती कुठल्याही काळातल्या विजेत्याच्या तोडीची आहे. पण तोच व्लादिमिर 2015 मध्ये फ्युरीसमोर बारा राउंडांत मोजून 52 ठोसे बसवू शकला. तुम्ही जर त्या दशकात बॉक्सिंग बघणं सोडलं असेल तर मी तुम्हाला दोष देणार नाही.

दुसरं कारण राउंडांचं. पूर्वी जगज्जेतेपदाची लढत पंधरा राउंडांची, आता बारा. यातून काय गेलं ते मोजून बघा. 1941 मध्ये बिली कॉन गुणांवर पुढे होता आणि जो लुईने त्याला तेराव्या राउंडमध्ये झोपवलं. 1952 मध्ये मार्सियानो गुणांवर मागे होता आणि त्याने जर्सी जो वॉलकॉटला पाडलं तेही तेराव्यात. अली पडला तो पंधराव्यात. 1975 च्या मनिलातल्या लढतीत अलीने फ्रेझरचा चेहरा फोडला तो तेराव्या आणि चौदाव्यात, आणि मग फच यांनी फ्रेझरला पंधराव्यासाठी उठूच दिलं नाही. 1978 मध्ये लॅरी होम्स आणि केन नॉर्टन यांची लढत अखेरच्या राउंडला बरोबरीत होती आणि ज्याने तो राउंड जिंकला त्याने किताब नेला. हेवीवेटच्या इतिहासातले हे पाच क्षण तुम्ही आम्ही आयुष्यभर सांगत आलो, आणि आजच्या नियमांत यातला एकही घडला नसता. बाराव्याची घंटा झाली की सगळे घरी.

तरी मला पंधरा राउंड परत नकोत. 13 नोव्हेंबर 1982 ला लास व्हेगासमध्ये किम डुक-कू हा कोरियन बॉक्सर रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि चार दिवसांनी गेला. तो लाइटवेट होता, तेवीस वर्षांचा. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने राउंड बारावर आणले, बाकीच्या संघटना हळूहळू मागून आल्या. ज्या सत्तरच्या दशकाला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्यातला जेरी क्वारी अली आणि फ्रेझर दोघांशीही लढला. तो 53 व्या वर्षी गेला, तेव्हा डोक्यावर खाल्लेल्या माराने त्याला स्वतःचं स्वतःला काही करता येत नव्हतं. अलीचा पार्किन्सन 1984 मध्येच निदान झाला होता. आईबाप माझ्या हाती मुलं सोपवून जातात. त्या तीन राउंडांची किंमत मला ठाऊक आहे.

आता तुमच्या आठवणीबद्दल, रागावू नका. व्हीसीआरच्या दुकानात 1971, 1974 आणि 1975 च्या कॅसेट मिळायच्या. 1976 ची कुणी ठेवत नसे. मनिलानंतर पाचच महिन्यांत अलीने बेल्जियमच्या कूपमनशी लढत केली, तो पाचव्यात पडला, कुणाला आठवतही नाही. एप्रिलमध्ये जिमी यंगसमोर अली 104 किलोंचा होऊन रिंगमध्ये आला. यंग अडचणीत आला की दोरांबाहेर डोकं काढायचा, लढत थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. पंधरा राउंड हेच चाललं आणि निकाल अलीकडे गेला, ज्यावर आजही वाद आहे. जूनमध्ये टोकियोत त्याने जपानी कुस्तीगीर इनोकीशी केलेला तमाशा तर सोडूनच द्या. सप्टेंबरमध्ये नॉर्टनविरुद्धचा निकालही कित्येकांना पटला नाही. माणूस तोच, आणि मधे जेमतेम वर्ष गेलेलं. जुन्या काळात कंटाळवाण्या लढती भरपूर होत्या, त्या आपल्यापर्यंत पोचल्या नाहीत. आजच्या मात्र सगळ्या पोचतात, चांगल्या आणि वाईट, त्याच रात्री.

फ्युरीला ऑक्टोबर 2023 मध्ये फ्रान्सिस एन्गानूने तिसऱ्या राउंडमध्ये खाली पाडलं. एन्गानू मूळचा एमएमएतला, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समधला, व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती त्याची पहिली लढत. फ्युरी कसाबसा गुणांवर सुटला. आजच्या हेवीवेटच्या दर्जाविरुद्ध हा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून मला सांगितला जातो. पुरावा खरा आहे, पण त्याच्या शेजारी 15 फेब्रुवारी 1978 ठेवा: त्या दिवशी लिऑन स्पिंक्सने अलीला हरवून जगज्जेतेपद घेतलं आणि स्पिंक्सची ती व्यावसायिक आठवीच लढत होती. तयारी न करता आलेला मोठा बॉक्सर दोन्ही काळांत सापडतो.

खरी घसरण मला दिसते ती लढतींच्या संख्येत. जो लुईने एकट्या 1941 मध्ये सात वेळा किताब राखला. अलीने 1966 मध्ये पाच वेळा. आज विजेता वर्षाला दोनदा लढला तर खूप. चार संघटना, चार पट्टे म्हणजे चार किताब, प्रत्येकाची सक्तीची आव्हानं, आणि दोन मोठी नावं एकत्र आणायला वाटाघाटीत दोन-दोन वर्षं जातात. रिंगमधल्या चुका रिंगमध्येच सुधारतात, सरावाच्या पॅडवर नाही. त्यामुळे पहिले चार-पाच सोडले तर मधल्या फळीतला आजचा हेवीवेट मला 1970 च्या मधल्या फळीपेक्षा कच्चा वाटतो. रॉन लायल किंवा अर्नी शेव्हर्स कधीच जगज्जेते झाले नाहीत, पण आज ते पट्टा मिरवत फिरले असते.

मुळात या वजनाची माणसं बॉक्सिंगकडे येतच नाहीत. अमेरिकेत उंच, जड, चपळ मुलगा बास्केटबॉल किंवा त्यांच्या फुटबॉलकडे जातो. आपल्याकडे गावात असा मुलगा दिसला की त्याला गोलपोस्टमध्ये उभा करतात. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेला मी सर्वांत वरच्या गटात एक मुलगा नेला. त्या गटात दोनच नावं होती, आणि समोरचा वजन द्यायलाच आला नाही. माझ्या मुलाच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं. परतताना बसमध्ये त्याने ते काढून खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "सर, मी लढलोच कुठे?" नऊ महिने तो त्या तीन राउंडांसाठी पहाटे उठत होता. आयोजकांनी मुलाला वेळेत कळवलं असतं तर निदान खालच्या गटातल्या कुणाशी मैत्रीपूर्ण लढत लावता आली असती. तो मुलगा पुढच्या वर्षी आला नाही.

दुसऱ्या बाजूने दारं उघडलीही आहेत. तुमच्या काळातला सर्वांत चांगला हेवीवेट कदाचित तुम्ही पाहिलाच नाही. क्युबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन 1972, 1976 आणि 1980 अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकला आणि कधीही व्यावसायिक झाला नाही. सोव्हिएत संघाचे बॉक्सरही 1980 चं दशक संपेपर्यंत बाहेर लढू शकत नव्हते. अली, फ्रेझर, फोरमन ज्या जगाचे विजेते होते त्यातलं निम्मं जग रिंगबाहेर होतं. आज युक्रेन आणि उझबेकिस्तानची मुलं रिंगमध्ये आहेत. आपल्या सतीश कुमारला विचारा. ऑलिंपिकला पात्र ठरलेला तो पहिला भारतीय सुपर हेवीवेट. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत चेहऱ्यावर तेरा टाके घेऊन तो उझबेकिस्तानच्या जलोलोव्हसमोर उभा राहिला आणि हरला. मी त्या दिवशी हॉल बंद ठेवून मुलांना ती लढत दाखवली.

आणि मग ओलेक्सांद्र उसिक. तुमच्या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर हा माणूस आहे. उंची सहा फूट तीन इंच, हाताचा पल्ला 78 इंच. दोन्ही मापं अलीचीच. 2012 चं ऑलिंपिक सुवर्ण, मग क्रूझरवेटचे चारही पट्टे, मग वर आला. 18 मे 2024 ला रियाधमध्ये तो फ्युरीसमोर उभा राहिला तेव्हा 101 किलोंचा होता, फ्युरी 119 किलोंचा. आपल्याकडे पहाट होती, उकाडा मी म्हणत होता, आणि आम्ही हॉलमध्ये पंधरा-वीस जण लॅपटॉपभोवती बसलो होतो. चौथ्यापासून सातव्यापर्यंत फ्युरीने त्याला पोटात आणि अपरकटने चांगलंच झोडलं. माझी मुलं गप्प झाली होती.

उसिक डावखुरा, म्हणजे उजवा पाय पुढे. फ्युरीचा डावा पाय पुढे. दोघांची पुढची पावलं समोरासमोर येतात, आणि डावखुऱ्याची सगळी लढाई ही की आपलं पाऊल त्याच्या पावलाच्या बाहेर कसं पडेल. बाहेर पडलं की तुमचा डावा सरळ हात त्याच्या दोन हातांमधून थेट हनुवटीच्या रेषेत येतो. उसिक आठ राउंड तेच मागत होता, कधी चार इंच कमी पडायचं, कधी फ्युरी कंबरेतून मागे झुकून निसटायचा. नवव्यात पाऊल बाहेर पडलं, डावा हात बसला, आणि तो 119 किलोंचा माणूस एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात दोरांवर आपटत गेला. दोरांनी धरला म्हणून पडला नाही. रेफरीने उभ्यानेच मोजलं. दोन गुणपंचांनी उसिकला दिलं, एकाने फ्युरीला. उसिकला देणाऱ्यांपैकी एकाच्या गुणपत्रकावर 114-113 होतं. ती मोजणी झाली नसती, म्हणजे फ्युरीचा त्यात एक गुण गेला नसता, तर ते गुणपत्रक बरोबरीत आणि अख्खी लढत अनिर्णित राहिली असती. लेनॉक्स लुईसनंतर प्रथमच हेवीवेटला एकच निर्विवाद विजेता मिळाला. डिसेंबरमध्ये उसिकने फ्युरीला पुन्हा हरवलं, जुलै 2025 मध्ये वेम्बलीवर डॅनियल ड्युबॉइसला पाचव्या राउंडमध्ये झोपवलं.

1974 मध्ये किन्शासात अली 98 किलोंचा होता आणि समोरचा फोरमन 100. उसिकने आपल्यापेक्षा 18 किलो जड आणि सहा इंच उंच माणसाला पायांच्या जोरावर हरवलं. यातला कोण श्रेष्ठ हे मी ठरवत नाही, पण पायांचं ते काम मला अलीच्या कुठल्याही कॅसेटमध्ये इतक्या अवघड परिस्थितीत दिसलेलं नाही.

तुमच्या मुलाला सांगा, येत्या रविवारी दोन राउंड लागोपाठ लावायला. आधी 1971 चा पंधरावा, मग रियाधचा नववा. आवाज बंद ठेवा आणि दुसऱ्या वेळी मोबाइलचा वरचा अर्धा भाग हाताने झाका, म्हणजे फक्त पावलं दिसतील.